कोरडवाहू शेतीचा माल आणि वाशीचा बाजार

कोरडवाहू टापूतील खातेदारांस पावसाची लहर नवीन नाही. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांनी पिढ्यान् पिढ्या दुष्काळ पाहिले, सोसले, आणि त्यांतून बियाणे राखून पुन्हा पेरण्या केल्या. परंतु अलीकडील काही सालांत ह्या लहरीचे रूपच पालटत चालले आहे. २०२३ सालचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, व त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करणे सरकारास भाग पडले. पुढे दोनच वर्षांनी, २०२५ साली, मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईस येऊन ठेपला. इतका लवकर तो तेथे पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. त्याच सालच्या सप्टेंबरात सीना नदीस असा पूर आला की, अवर्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील गावांतून माणसे होड्यांनी बाहेर काढावी लागली.

ह्याचे कारण शास्त्रज्ञ सांगतात ते समजण्यास अवघड नाही. हवा एक अंश सेल्सिअसने अधिक तापली म्हणजे ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. ती पुष्कळ काळ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे दाखविले आहे. म्हणजे सालअखेर पर्जन्यमापकातील बेरीज पाहावी तर ती सरासरीइतकी भरते, आणि शिवारात जाऊन पाहावे तर पीक हातचे गेलेले असते. आम्ही महसुली नोकरीत असताना मंडळाचे पावसाचे तक्ते पुष्कळ उतरले. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे त्या मंडळात अतिवृष्टी धरावी असा दंडक आहे. पण मंडळात गावे दहा-पंधरा, आणि ओढ्याच्या अलीकडे पडला तो पलीकडे पडत नाही, हे तक्त्यात कोठे दिसणार? असो.

शेतात काय करावे, ह्यावर पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यही आहे. आम्ही येथे त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहू इच्छितो. आपल्या कोरडवाहू मालास भाव कोठे ठरतो, आणि पावसाच्या ह्या नव्या चालीने त्या ठिकाणी काय होते, हे पाहिल्याशिवाय शेतातील सुधारणेचा पैसा घरात येत नाही, असे आमचे मत झाले आहे. ते टोक म्हणजे नवी मुंबईतील वाशी-तुर्भ्याचा बाजार.

मुंबई कृषि उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. मुंबई शहरातील मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट ह्या दाटीच्या भागांतील घाऊक व्यापार १९८१ पासून १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे हलविण्यात आला. आज तेथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य व मसाला असे पाच बाजार आहेत. ज्या भूमीवर ते उभे आहेत तेथे वर्षास ऐंशी इंचांहून अधिक पाऊस पडतो, शेजारी ठाण्याची खाडी आहे, आणि हवा बहुतेक काळ दमट. आपल्याकडील कडक उन्हात वाळलेले धान्य त्या हवेत गेले म्हणजे ओल ओढू लागते. घरूनच ओलसर गेलेल्या पोत्याचे मग काय होते, हे ज्याने पोत्यात हात घालून ऊब पाहिली आहे त्यास सांगावयास नको. त्याच शहराच्या दुसऱ्या अंगास न्हावा-शेवा बंदर आहे. तेथून आपले डाळिंब परदेशी जाते आणि परदेशी तूर आत येते. देशावरच्या खातेदारास नवी मुंबई हे गाव दूरचे वाटते, परंतु त्याच्या वर्षाचा पुष्कळसा हिशेब तेथेच मांडला जातो.

तुरीचेच उदाहरण घेऊ. २०१४ व २०१५ ही लागोपाठ दोन साले अवर्षणाची गेली. २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तूर पिकली नाही, आणि २०१५ साली शहरांतून तूरडाळ किलोस दोनशे रुपयांपर्यंत चढली. तो भाव पाहून आणि २०१६ चा पाऊस बरा झालेला पाहून जो तो तूर पेरता झाला. पीकही असे आले की राज्याचे उत्पादन आदल्या सालाच्या चौपटीहून अधिक भरले. सरकारने बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला होता. खुल्या बाजारात मात्र भाव चार हजारांच्या आसपास, व कोठे कोठे त्याहूनही खाली गेला. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदान संपले, तूर उघड्यावर पडून राहिली. त्याच सुमारास परदेशांतून तूर आणण्याचे करारही चालू होते. मोझांबिकशी झालेला करार २०१६ च्या जुलैमधलाच. पुढे १ जून २०१७ रोजी पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, आणि वाशीच्या बाजारात येणाऱ्या गाड्या रोडावल्या, तेव्हा कोठे शहरातील लोकांस देशावर काय चालले आहे ह्याची चाहूल लागली.

ह्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खातेदार बुडाला तो दुष्काळाच्या सालात जितका, तितकाच, किंबहुना अधिक, सुकाळाच्या सालात बुडाला. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो, त्यात कर्जाचे बोजे चढतात. तालुका कचेरीत असे उतारे आमच्या हाताखालून वर्षानुवर्षे गेले. दुष्काळ पडला की त्याच साली बोजा चढतो अशी लोकांची समजूत; परंतु पुष्कळदा तो एक-दोन सालांनी चढे. आधी घरातील दागिना जाई, मग जनावरे जात, आणि पुढील चांगल्या सालाच्या पिकावर सर्व भिस्त ठेवलेली असे. ते पीक येई, भाव पडे, आणि मग बोजा. पैसेवारी पन्नासच्या आत आली तर सारा सुटतो, वसुली थांबते, मुलांची परीक्षा फी माफ होते. पण पीक सोळा आणे येऊन भाव आठ आणे मिळाला, तर त्यास कोणतीही पैसेवारी लागू नाही.

तेव्हा पाऊस बदलला म्हणून नुसते पीक बदलणे हा अर्धा उपाय होय. सर्वांनी एकाच वेळी एकच पीक बदलले, तर तो उपायही नव्हे.

आता ज्वारीकडे वळू, कारण ह्या पिकाबद्दल आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेती संशोधनाचे केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, तीन सालांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पातळ पेरणी, ओळींत अंतर अधिक आणि वरचेवर कोळपणी अशी जी ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ त्या काळी सांगितली गेली, तिची मूळ तत्त्वे आजही खोटी ठरलेली नाहीत. ती त्या वेळी फारशी पसरली नाही, कारण कष्ट पुष्कळ आणि उत्पन्नातील वाढ थोडी. तिला साजेसे वाण तेव्हा नव्हते. मोहोळच्या केंद्रात निवडीने तयार झालेली मालदांडी ३५-१ ही एकटी ज्वारी मात्र अशी निघाली की, पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तिने रब्बीचे शिवार सोडले नाही. भाकरीस गोड, दाणा टपोरा मोत्यासारखा, आणि कडबा असा की बैल दुसरा चारा हुंगत नाहीत.

आज राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे निरनिराळे वाण दिले आहेत, व ही गोष्ट आमच्या मते त्या विद्यापीठाच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. एक फुटापर्यंतच्या हलक्या जमिनीस फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, त्याहून खोल काळ्या जमिनीस फुले वसुधा किंवा फुले रेवती. अनुराधा शंभर-एकशे दहा दिवसांत हाती येते. मालदांडीस त्याहून दोन आठवडे तरी अधिक लागतात. परतीचा पाऊस दगा देण्याची भीती असता हे दोन आठवडे म्हणजे पीक आणि बाटूक ह्यांतील अंतर होय. पण आमचा अनुभव असा की, खातेदार बियाणे घेताना दुकानात काय आहे ते पाहतो, आपली जमीन किती खोल आहे ते पाहत नाही. एका गटात तीन प्रकारची जमीन असते. पहारीने चार ठिकाणी खड्डा खणून मुरूम कितीवर लागतो हे एकदा पाहिले, तर ते काम पुढील जन्मभर पुरते.

पावसाळ्यात रान मोकळे असताना सुमारे दहा मीटर चौरसाचे वाफे पाडून ठेवावे, म्हणजे जुलै-सप्टेंबरातील धोधाट पाऊस बांध फोडून ओढ्यास न जाता जागीच मुरतो. पाऊस एकदम पडण्याची रीत वाढली आहे, म्हणून ह्या जुन्या युक्तीचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे. मग १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ह्या महिन्यात एकरी चार किलो बी, दीड फुटावर पेरावे. तीन कोळपण्या द्याव्या. त्यांतील शेवटची भेगा बुजविण्यासाठी, तिचा कंटाळा करू नये.

मग ज्वारीचे क्षेत्र सालोसाल का घटत गेले? एक तर ती उपटावयास माणसे मिळत नाहीत. दुसरे, ऊस व सोयाबीन ह्यांस मिळणारा रोख पैसा. तिसरे कारण बाजारात आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने संकरित ज्वारीस ३,६९९ रुपये व मालदांडीस ३,७४९ रुपये हमीभाव ठरविला. म्हणजे ज्या दाण्यासाठी मुंबईकर दुकानदारापाशी हट्ट धरतो, त्यास सरकारदरबारी क्विंटलमागे पन्नास रुपये अधिक! कडब्यास तर हमीभाव मुळीच नाही, आणि वाशीच्या पाच बाजारांत कडब्याचा बाजार नाही. पण २०१२-१३ सारख्या सालात जनावरे छावणीत बांधण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्यास विचारावे की गंजीतला शेकडा कडबा काय मोलाचा होता. ज्वारीचा हिशेब दाण्यावर मांडणारे शहरातील लोक अर्धे पीक विसरतात, व दुर्दैवाने आपणही त्यांच्यासारखाच हिशेब मांडू लागलो आहो.

मंगळवेढ्याच्या मालदांडीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावाची ज्वारीचे कोठार म्हणून ख्याती जुनी आहे, आणि दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्यांस लुटविले ती कथा तेथलीच. (दामाजीपंत हेही महसुली नोकरच होते, हे आमच्या जुन्या खात्यातील मंडळी मोठ्या अभिमानाने सांगत असत, त्यांच्यासारखे वागण्याचा प्रसंग मात्र कोणावर आला नाही.) परंतु मानांकन कागदावर असून चालत नाही. मंगळवेढ्याची, जामखेडची व आणखी कोठली तरी ज्वारी एकाच पोत्यात मिसळून वाशीस गेली, तर व्यापारी मुठीतली वानगी पाहून सर्वांत हलक्या दाण्याचा भाव सांगतो. त्याचे तरी काय चुकले?

येथे थोडे अंकगणित करू. दहा टनांची मालमोटार भरावयास शंभर क्विंटल ज्वारी लागते. पाच एकर रब्बी ज्वारी करणाऱ्यास, एकरी चार क्विंटल धरली तर, वीस क्विंटल होते. त्यांतून घरखर्च, बी व बलुते-पाहुणे ह्यांसाठी आठ क्विंटल ठेविली तर विकावयास उरली बारा. असे नऊ खातेदार एकत्र आले की एक मोटार भरते. नऊ माणसे! एका वस्तीवर इतकी असतात. त्यांनी एकच वाण पेरला, एकाच चाळणीतून खडा-माती-काडी काढली, दाताखाली कट्कन फुटेल इतकी वाळवली, आणि पोत्यावर गावाचे नाव घातले, तर गावचा अडत्या, तालुक्याचा व्यापारी व वाशीचा गाळेवाला ह्यांपैकी एक-दोन पायऱ्या तरी कमी होतात. एकेकट्याने बारा पोती घेऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाजार गाठावयाचा, आणि तोलाई, हमाली, वाराई वजा जाता हाती येईल ते घेऊन परतावयाचे, ही रीत सोडण्यास ह्याहून मोठी संस्था लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ निघाल्या, पण नऊ माणसांचा एक वाण ठरत नाही तेथे कंपनीचा शिक्का काय करणार?

दाण्याशिवाय ज्वारीचे दुसरेही पैसे होतात, हे गेल्या काही सालांत दिसून आले आहे. गूळभेंडी किंवा फुले मधुर जातीचा हुरडा डिसेंबर-जानेवारीत शहरी मंडळी आवडीने खातात. दोन-चार गुंठे त्यासाठी वेगळे पेरले व आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरले, तर हंगाम लांबतो. तसेच सोलापुरी कडक भाकरी. ती महिन्यांनी टिकते आणि हलकी असल्यामुळे भाडे कमी लागते. बचत गटांच्या बायकांनी ती मुंबईच्या दुकानांपर्यंत पोचविली. ज्या शहरात भाकरी थापणारे हात कमी झाले, तेथे दाण्यापेक्षा भाकरी विकणे शहाणपणाचे, हे त्या बायकांस आपल्या आधी उमगले. २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. सभा पुष्कळ झाल्या, परंतु आमच्या नजरेस पडलेले खरे काम त्या भाकरीच्या पुड्यात आहे.

डाळिंबाविषयी थोडक्यात लिहितो. थोड्या पाण्याचे फळ म्हणून ते कोरडवाहू टापूत आले, सोलापूरच्या डाळिंबास २०१६ साली मानांकनही मिळाले, आणि २०२५ साली भगवा जातीचा माल वाशीच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन समुद्रमार्गे न्यू यॉर्कला गेला. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण बहर धरताना झाडास ताण द्यावा लागतो, आणि ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की बहर फसतो. फळ भरताना आला की तेल्या येतो व फळे तडकतात. शेततळ्यात पाणी नसेल त्या साली टँकरचा खर्च. ज्याने सर्व जमीन डाळिंबास दिली त्याने सर्व पैसा एका पत्त्यावर लावला, असे आम्ही समजतो. तिसरा हिस्सा बागेस, उरलेली जमीन ज्वारी, तूर, करडईस, असे ज्यांनी ठेविले ते बागा जळाल्या तरी गावात राहिले.

राहता राहिला थांबण्याचा प्रश्न. पूर्वी ह्या भागात ज्वारी पेवांत भरून ठेवीत, व भाव आला म्हणजे किंवा दुष्काळ पडला म्हणजे पेव काढीत. आता पेवे बुजली, आणि सुगीच्या महिन्यात सावकार, दुकानदार व बँक तिघेही दारात उभे. त्यासाठी राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेविला म्हणजे किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. एक लाखाचा माल ठेविला तर पंचाहत्तर हजार हाती, व सहा महिन्यांचे व्याज सुमारे सव्वादोन हजार. त्यात तूट व इतर खर्च मिळवून क्विंटलमागे भाव तीन-चार टक्के चढला तरी नुकसान नाही.

मात्र हे औषध सर्व रोगांवर चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्वारी थांबविली तर बहुधा फळ मिळते, कारण ती बाहेरून येत नाही आणि पावसाळ्यात तिचा खप असतो. तुरीचे तसे नाही. २०१७ साली ज्याने तूर राखली त्यास पुढील सालीही भाव मिळाला नाही. २०२१ च्या मे महिन्यापासून सरकारने तुरीची आयात खुली केली व ती सवलत सालोसाल वाढविली. तेव्हा तूर पेरण्यापूर्वी आकाशाइतकेच बंदराकडे पाहावे, आणि ती एकटी न पेरता आंतरपीक म्हणून पेरावी. बदनापूरची बीडीएन ७११ ही लवकर येणारी जात त्यासाठी सोयीची आहे. पाऊस लवकर उघडला तरी ती शेंगा भरून घेते. तूर गोदामात ठेवावयाची तर ओल बारा टक्क्यांच्या वर नसावी, नाहीतर पोत्यास हमीभाव केंद्रही हात लावीत नाही.

आता कागदांविषयी, कारण येथेच पुष्कळांचे अडते. हमीभावाच्या खरेदीस असो वा तारणास असो, सातबारावर त्या हंगामाच्या पिकाची नोंद मागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद खातेदाराने स्वतः मोबाईलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करावयाची आहे. मुदत टळली की मागाहून तलाठ्याच्या विनवण्या कराव्या लागतात, आणि रान पडीक दिसत असेल तर माल कोठून आणला हे सिद्ध करीत बसावे लागते. रब्बीची नोंद खरिपाहून वेगळी करावी लागते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. मुख्य पिकासह आंतरपिकाचे क्षेत्र निराळे लिहावे; तुरीचे राहून जाते. आणि ज्वारीच्या पट्ट्यांमधून करडईच्या ज्या ओळी आपण पेरतो, त्याही भराव्यात. त्या कोणी भरत नाही.